काचेची पडवी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

मी काही घरं बांधणारी नव्हे. कोकणातल्या एका माध्यमिक शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाले. तेव्हा बांधकामावर बोलायचा माझा अधिकार एका खोलीपुरताच आहे. सोळा फूट लांब आणि आठ फूट रुंद अशी ती खोली आम्ही दोनदा बांधली. एकदा हौसेनं आणि दुसऱ्यांदा पस्तावून. आज आमच्याकडे गावोगावी जुन्या घरांच्या पडव्या काचा लावून बंद होताना दिसतात. कुणी माझ्या घरी पाहायला आलं की मी त्यांना आधी चहा देते आणि मग ही सगळी हकिगत सांगते. आज ती तुम्हाला सांगते.

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून मैलभर आत. यजमानांच्या आजोबांनी बांधलेलं, जांभ्या चिऱ्याच्या भिंती आणि वर मंगलोरी कौलं. पुढची पडवी पूर्वेकडे तोंड करून, तिची एक बाजू दक्षिणेकडे मोकळी. पुढे खळं, खळ्याच्या कडेला पोफळी. पडवीला कमरेइतका कठडा तेवढा, बाकी सगळं उघडं. आमच्याकडे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. मे संपता संपता पडवीला झावळ्यांची झापं बांधायची, अलीकडे ताडपत्री. ती एकदा बांधली की दसऱ्यापर्यंत पडवीत अंधार. झड आत येतेच, फक्त दिसत नाही.

सासूबाईंचं सगळं आयुष्य या खळ्यात आणि पडवीत गेलं. सुपारी सोलायची, आमसुलं वाळत घालायची, येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायची. २०१६ च्या श्रावणात खळ्यातल्या शेवाळावरून त्यांचा पाय घसरला आणि मनगट मोडलं. वय तेव्हा ऐंशी. हात जुळला, पण तपासणीत हाडं ठिसूळ झालेली दिसली आणि ड जीवनसत्त्व फारच कमी निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, उन्हात बसत जा. आता खळ्यात जायची त्यांना धास्ती बसलेली. माजघरात बसून राहू लागल्या. बोलणंही कमी झालं. ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

माझी पुतणी टोरांटोजवळ राहते. तिच्या घराला मागच्या बाजूनं काचेची खोली जोडलेली आहे, तिकडे त्याला सनरूम म्हणतात. बाहेर बर्फ पडत असताना ती मंडळी तिथं ऊन खात बसतात. तिनं फोटो पाठवले, कंत्राटदारानं काढलेले नकाशेही पाठवले. भिंतीत आणि छतात उष्णतारोधक थर, त्याच्या आतल्या बाजूनं प्लॅस्टिकचा सलग कागद, त्यावर जिप्समचे तक्ते. सगळं किती व्यवस्थित! आम्ही ठरवलं, पडवीचं असंच करायचं. आईंना ऊन मिळेल, वारा लागणार नाही, पाऊस आत येणार नाही.

खरं म्हणजे माझ्या मुलाला छपरालाही काच हवी होती. आमच्या म्हाताऱ्या गवंड्यानं ते होऊ दिलं नाही. तो म्हणाला, "बाई, मे महिन्यात काचेखाली माणसं बसवायची की आंब्याची आढी घालायची ते आधी ठरवा." त्याचं म्हणणं भूगोलालाही धरून होतं. आमच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैअखेरीस सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते. टोरांटोत तो कधीच डोक्यावर येत नाही. तिथं छपराला काच चालते, इथं चालत नाही. एवढी एक गोष्ट आम्ही ऐकली. बाकी सगळं नकाशाप्रमाणे केलं.

२०१७ च्या फेब्रुवारीत खोली तयार झाली. कौलांखाली छत, छतात ग्लासवूल, त्याखाली पुतणीच्या नकाशातला प्लॅस्टिकचा कागद, त्याखाली पांढरेशुभ्र तक्ते. पूर्वेला आणि दक्षिणेला कठड्यापासून वरपर्यंत काच, ॲल्युमिनियमच्या चौकटीत सरकत्या खिडक्या. एक टनाचा एसी. सगळे मिळून साडेतीन लाख रुपये गेले. सासूबाईंची आरामखुर्ची तिथं ठेवली. त्या बसल्या, त्यांनी खळ्याकडे पाहिलं, आणि कितीतरी महिन्यांनी रस्त्यानं जाणाऱ्या एकाला हाक मारली. काचा बंद होत्या, त्याला ती ऐकू गेली नाही. तरी त्या खूश होत्या. रोज सकाळी सात ते साडेनऊ त्या काचेआड उन्हात बसू लागल्या. वारा बाधतो म्हणून खिडक्या बंदच. गोळ्यांचा कोर्स तोपर्यंत संपला होता. आता ऊन मिळतंयच, तर गोळ्या कशाला, असं आम्हीच परस्पर ठरवलं.

एप्रिल उजाडला तसा पहिला धडा मिळाला. सकाळी दहा वाजता बाहेर बत्तीस अंश आणि खोलीत एक्केचाळीस. एसी सारखा चालू, तरी घाम थांबेना. शेवटी मी कागद घेऊन हिशेब केला, जो आधी करायला हवा होता. पूर्वेची काच ऐंशी चौरस फूट, म्हणजे साडेसात चौरस मीटरला थोडी कमी. स्वच्छ सकाळी नऊच्या सुमारास अशा उभ्या काचेच्या प्रत्येक चौरस मीटरवर सहाशे ते सातशे वॉट ऊन पडतं. साधी काच त्यातलं ऐंशी टक्क्यांच्या आसपास आत सोडते. म्हणजे एका बाजूनंच जवळपास चार किलोवॉट उष्णता, चार इस्त्र्या एकदम चालू ठेवाव्यात तशी. एक टनाचा एसी बाहेर काढू शकतो साडेतीन किलोवॉट. उन्हाबरोबर आत आलेली उष्णता काचेतून सहज परत जात नाही आणि आम्ही छताला लावलेला उष्णतारोधक थर तिला वरूनही जाऊ देत नाही. डब्याला झाकण लावून आम्ही आत निखारे ठेवले होते.

यावर आम्ही शहाणपणाचा उपाय केला तो असा की, एक टनाचा एसी काढून दीड टनाचा बसवला. मे महिना निभावला. आतून पडदे लावले होते, त्यांचा उपयोग थोडा झाला, फार नाही. कारण पडद्यावर पडेपर्यंत ऊन काचेच्या आत आलेलंच असतं.

जून लागला. खरी गोष्ट इथून पुढे आहे.

पहिले पंधरा दिवस आम्ही काचेआड बसून पाऊस पाहिला. त्यासारखं सुख नाही, हे कबूल करते. झापं नाहीत, अंधार नाही, पागोळ्या डोळ्यांसमोर. मग जुलैत एके दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अगो, या खोलीत मिठाला पाणी सुटतंय." त्यांचं जेवण मी तिथंच नेऊन देत असे आणि मिठाची वाटी खिडकीच्या कट्ट्यावर राहत असे. मी म्हटलं, "आई, पावसाळ्यात सगळीकडेच सुटतं." त्या म्हणाल्या, "माजघरातल्या मिठाला नाही एवढं सुटत." मी हसून सोडून दिलं. विज्ञानाची शिक्षिका ना मी!

त्यानंतर काचा बाहेरून घामेजू लागल्या. सकाळी खळं दिसेना, सगळं धुरकट. खिडक्यांच्या खालच्या पन्हळीत पाणी साचू लागलं. ते बाहेर जावं म्हणून चौकटीला बारीक छिद्रं असतात. काम करणाऱ्या मुलानं 'पाणी आत यायला नको' म्हणून तीच सिलिकॉननं बुजवली होती. त्यात त्याचा तरी काय दोष, आम्ही त्याला 'एकदम हवाबंद कर' असंच सांगत होतो. मग छताच्या एका कोपऱ्यात पिवळा डाग आला. आठवड्यानं दुसऱ्या कोपऱ्यात. मग टपटप. कौलं गळतात, असं आम्ही धरून चाललो. गवंड्याला बोलावलं. भर पावसात तो सत्तरीचा माणूस छपरावर चढला, खाली आला आणि म्हणाला, "कौल शाबूत आहे बाई, वरून थेंब नाही." माझा विश्वास बसला नाही. मी दुसऱ्या माणसाकडून दोनशे कौलं बदलून घेतली. डाग वाढतच गेला. गवंडी त्यानंतर काही दिवस आमच्याकडे फिरकला नाही, आणि त्याचं बरोबर होतं.

ऑगस्टमध्ये खोलीला कुबट वास येऊ लागला. खुर्चीच्या पाठीला, पडद्यांच्या शिवणीला, कपाटाच्या मागे काळी-हिरवी बुरशी. पुसली की चार दिवसांनी पुन्हा. सासूबाईंना रात्री खोकला लागायचा. तरुणपणी त्यांना दम्याचा त्रास होता, तो पुष्कळ वर्षं थांबला होता. आम्हाला वाटलं, हवा बदलली की होईल बरं. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री त्यांना श्वासच घेता येईना. ओठ निळसर दिसू लागले. शेजारच्या गाडीतून दापोलीला नेलं. पाच दिवस त्या दवाखान्यात होत्या, त्यातले दोन ऑक्सिजनवर.

डॉक्टरांनी राहण्या-झोपण्याची चौकशी केली. त्या कुठं बसतात, खोलीत ओल आहे का, बुरशी आहे का. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, बुरशीचे कण हवेतून छातीत जातात, जुना दमा त्यानं उसळू शकतो. ती खोली आधी बंद करा. मग रक्त तपासलं तर ड जीवनसत्त्व होतं तिथंच, उलट किंचित कमी. मी म्हटलं, "अहो, सात महिने रोज अडीच तास उन्हात बसतायत!" "कुठं बसतात?" "काचेच्या खोलीत." ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. "बाई, तुम्ही विज्ञान शिकवत होता ना?"

श्रोतेहो, आपल्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं ते सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांच्या एका विशिष्ट पट्ट्यामुळे. साधी खिडकीची काच तो पट्टा अडवते. ऊब येते, उजेड येतो, तो किरण येत नाही. आणि आपण ज्याला कोवळं ऊन म्हणून नावाजतो त्या सकाळी सातच्या उन्हात तो किरण मुळातच फार थोडा असतो, कारण सूर्य खाली असताना त्याला हवेचा जाड थर ओलांडून यावं लागतं. म्हणजे सासूबाई सात महिने चुकीच्या वेळी, चुकीच्या जागी, आमच्यावर विश्वास ठेवून बसल्या होत्या. दवाखान्यातून येताना गाडीत त्या मला म्हणाल्या, "जाऊ दे गो, बसायला बरं वाटायचं." ते ऐकून मला जास्तच लागलं.

खोलीला कुलूप घातलं. ती पाडून पुन्हा उघडी पडवी करावी, असं यजमानांचं मत. माझंही जवळजवळ तेच. तेवढ्यात माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. रत्नागिरीकडे माशांच्या शीतगृहात तो यंत्रांची देखभाल करतो. शाळेत विज्ञानात कधी पस्तीसच्या वर गेला नाही. खोली पाहायला मागितली, छताच्या डागाखाली उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, आठवीत तुम्ही स्टीलच्या पेल्यात बर्फ घालून टेबलावर ठेवायचात. पेल्याबाहेर पाणी कुठून आलं, असं विचारायचात. मी म्हटलं होतं, पेला गळतो. सगळा वर्ग हसला होता." मग बोट वर करून म्हणाला, "तुम्ही कौलं बदलली म्हणे."

आम्ही दोघांनी मिळून तक्ता काढला. वरचा ग्लासवूल भिजलेल्या गोधडीसारखा खाली आला. प्लॅस्टिकच्या कागदावर पाणी तळ्यासारखं साठलं होतं, कौलांवर मात्र आतून ओलही नव्हती.

झालं होतं ते असं. तीस अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत पाण्याची वाफ जास्तीत जास्त तीस ग्रॅमच्या आसपास मावते. वीस अंशाला सतराच. हवा थंड झाली की जास्तीची वाफ पाणी होऊन समोर सापडेल त्या गार वस्तूवर बसते. जुलैतल्या आमच्या हवेत, सत्तावीस अंश तापमान आणि नव्वद टक्के आर्द्रता असताना, पंचवीस अंशाहून गार अशी कुठलीही वस्तू घामेजणारच. यालाच दवबिंदू तापमान म्हणतात, आणि ते मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहीत आले होते. आम्ही एसी ठेवत होतो बावीसवर. कौलांच्या फटींतून दमट हवा ग्लासवूलमध्ये शिरायची, खालच्या गार प्लॅस्टिकला टेकायची आणि तिथं पाणी व्हायची. कागद सलग, त्यामुळे ते पाणी खाली सुटायला जागा नाही. साठत राहायचं आणि कुठंतरी सांध्यातून टपकायचं.

पुतणीच्या नकाशात काहीच चूक नव्हती. तिच्याकडे हिवाळ्यात घरातली हवा उबदार आणि वाफेची, बाहेर कडाक्याची थंडी. वाफ आतून बाहेर जायला बघते, म्हणून तिला अडवणारा कागद आतल्या बाजूला. आमच्याकडे उलटं. ओली गरम हवा बाहेर, गारवा आत, वाफ बाहेरून आत घुसते. तर कागद बाहेरच्या बाजूला हवा. माझा विद्यार्थी म्हणाला, "आमच्या शीतगृहात तो बाहेरूनच असतो बाई. आतून लावला तर भिंत वर्षभरात सडेल." टोरांटोचं घर आम्ही उलगडून, आतलं बाहेर न करता, तसंच्या तसं दापोलीत आणून बसवलं होतं.

आणि दीड टनाचा एसी? त्यानं भरच घातली. मे महिन्यासाठी घेतलेलं ते यंत्र पावसाळ्यातल्या ढगाळ दिवशी पाच-सात मिनिटांत खोली गार करून बंद पडायचं. एसी हवेतली ओल काढतो, पण त्यासाठी तो सलग चालावा लागतो. थोडा वेळ चालून थांबला तर हवा गार होते आणि ओल तशीच राहते. गार आणि ओली हवा ही बुरशीची आवडती.

दुसऱ्यांदा काम सुरू केलं ते २०१८ च्या जानेवारीत, सगळं नीट वाळल्यावर. गवंड्याकडे मी स्वतः गेले आणि माफी मागितली. तो म्हणाला, "चहा नंतर, आधी कौल उतरवूया." कौलांखाली रिपांच्या पोटाला चकचकीत फॉइलचा कागद लावला, कौल आणि कागद यांच्यात दोन बोटं जागा सोडून, म्हणजे गरम हवा वरच्या आढ्याकडून निघून जाईल. हाच कागद वाफही अडवतो, आणि तो आता थराच्या बाहेरच्या अंगाला आहे. त्याखाली ग्लासवूलऐवजी पाणी न पिणारे फोमचे कडक तक्ते, सांध्यांना चिकटपट्टी. आतल्या बाजूनं प्लॅस्टिक नाही, साध्या फळ्या आणि चुन्याचा हात. चुकून आत ओल शिरली तरी ती सुकून खोलीत यावी, अडकून बसू नये, एवढाच त्यामागचा विचार. जांभ्याच्या भिंतीवरचा तेलरंगही खरवडून काढला आणि चुना दिला. चिरा पाणी पितो, त्याला ते टाकायलाही वाट हवी.

काच अर्धी कमी केली. पूर्वेला आता कठड्यावर दोन फूट फळी आहे आणि त्यावर काच. सरकत्या खिडक्या काढून पूर्ण उघडणारी कवाडं बसवली. सरकती खिडकी कितीही मोठी असली तरी निम्मीच उघडते. पूर्वेच्या खिडक्यांना बाहेरून बांबूचे चिकाचे पडदे. ऊन काचेपर्यंत पोचण्याआधीच अडवायचं, ही एक गोष्ट केली असती तरी त्या एप्रिलमधला निम्मा ताप वाचला असता. दक्षिणेची काच मात्र तशीच ठेवली आणि वळचण दोन फूट पुढे काढली. डिसेंबरात आमच्याकडे भर दुपारी सूर्य दक्षिणेला कलून एकोणपन्नास अंशांवर असतो, तो वळचणीखालून आत येतो. मे-जूनमध्ये तो डोक्यावर असतो, त्या काचेला शिवतही नाही. जुन्या माणसांनी वळचण किती काढायची हे काय हिशेबानं ठरवलं असेल कोण जाणे, पण आमच्या मागच्या दारची बरोबर तेवढीच आहे.

दीड टनाचा एसी मुलानं पुण्याला नेला. जुना एक टनाचा परत बसवला, तोही उन्हाळ्यात दुपारपुरता. पावसाळ्यासाठी हवेतली ओल काढणारं लहान यंत्र घेतलं. भर पावसात ते दिवसाला चार-पाच लिटर पाणी बादलीत काढून देतं. आपण त्या हवेत बसत होतो, हे बादली पाहिल्यावर पटतं. यंत्र चालू असताना खिडक्या आणि माजघराचं दार पूर्ण बंद. नसेल तेव्हा सगळं सताड उघडं. खिडकी किलकिली ठेवून यंत्र चालवणं म्हणजे बुडाला भोक असलेल्या घागरीत पाणी भरणं. भिंतीवर पाचशे रुपयांचा आर्द्रतामापक टांगला आहे. साठच्या खाली काटा असला की आम्ही निश्चिंत. या साऱ्या दुरुस्तीला आणखी एक लाख दहा हजार लागले. पहिल्यांदाच असं केलं असतं तर एकंदर खर्च तीन लाखांच्या आत राहिला असता. काचच केवढी वाचली असती.

सासूबाईंच्या गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून पुन्हा सुरू झाल्या आणि त्यांनीच खरं काम केलं, हे स्पष्ट सांगते. ऊन त्याच्या जोडीला. थंडीत अकराच्या सुमारास दक्षिणेचं कवाड उघडून त्या वीस मिनिटं बसतात, हातपाय उन्हात, डोकं सावलीत. उघड्या खिडकीतून मारलेली हाक रस्त्यावरच्या माणसाला ऐकू जाते, हा वेगळा फायदा.

३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ आलं. आमच्या भागात त्यानं काय केलं ते तुम्ही वर्तमानपत्रांतून वाचलं असेल. आमच्या बावीस पोफळी गेल्या, दोन काचा फुटल्या, मागच्या छपराची कौलं उडाली. वीज तीन आठवडे नव्हती. एसी नाही, यंत्र नाही, पंखासुद्धा नाही. पहिली खोली तशीच असती, तर त्या तीन आठवड्यांत तिच्यात कोणी पाऊल ठेवू शकलं नसतं. आम्ही सगळी कवाडं उघडली आणि घरातली पाचही माणसं तिथंच झोपलो. झड आत आली, अंथरुणं थोडी ओली झाली, सकाळी वाऱ्यानं वाळली. वीज आल्यावर बुरशीचे दोन-तीन ठिपके दिसले, ते पुसल्यावर पुन्हा आले नाहीत.

सासूबाई आता नव्वदीला टेकल्या आहेत. आर्द्रतामापकावर त्यांचा विश्वास नाही. काटा अडकतो, म्हणतात. पावसाळा लागला की त्या खिडकीच्या कट्ट्यावर मिठाची वाटी ठेवतात आणि रोज सकाळी बोटानं चाचपून बघतात. मी मागे शोधून पाहिलं, मिठाला पाणी सुटतं ते हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की. आणि त्याच्याच आसपास बुरशीलाही बळ येतं. गेल्या जुलैत यंत्र दोन दिवस बिघडलं होतं आणि आमच्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी आतून हाक आली, "अगो, वाटी बघ."